डभोईच्या वाटेवरचा तलाव आणि चाळीस मिलिमीटरचा पंखा

बडोद्याहून डभोईला निघालं की प्रतापनगर, सोमा तलाव आणि मग कपुराई चौकडी. हायवेच्या पलीकडे गेलं की शहर सुटतं आणि दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, एरंडाची शेतं सुरू होतात. हल्ली या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या सरदारांचा पुतळा बघायला निघालेल्या असतात. डिसेंबरातल्या त्या रविवारी पहाटे सहाला आमची गाडीही त्यांच्यातच होती, पण आमच्या डिकीत गोधडीत गुंडाळलेली एक बोट, लोखंडी पेटीत दोन बॅटऱ्या, व्हर्नियर, एलन कीचा संच आणि मासे पकडायचा गळ होता. आमच्या घरात आजवर कोणी मासा पकडलेला नाही. गळाचं काम वेगळं होतं, ते पुढे येईलच.

बोट माझ्या धाकट्या भावाची. रिमोटवर चालणारी, फायबरग्लासची, ७० सेंटिमीटर लांब, तळ इंग्रजी व्हीसारखा. खेळण्याच्या दुकानातली नव्हे. दोन वर्षं नववी-दहावीच्या शिकवण्या घेऊन त्याने तिचे पैसे जमवले. आत २००० केव्हीची ब्रशलेस मोटर आहे. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. बॅटरी १४.८ व्होल्टची, म्हणजे मोकळी फिरली तर मोटर मिनिटाला २९,६०० फेरे घेणार. एवढ्या फेऱ्यांच्या टोकाला जो पितळेसारखा दिसणारा चिमुकला पंखा असतो, तो प्रोपेलर, आणि आमच्या घरातलं गेल्या पावसाळ्यानंतरचं सगळं भांडण त्याच्यावरूनच झालं.

झालं असं, की बोटीबरोबर ४० मिलिमीटर व्यासाचा प्रोपेलर आला होता. धाकट्याला वाटलं, मोठा लावला की जास्त पाणी ढकलेल, बोट जास्त पळेल. त्याने ४५ चा मागवला. पहिल्याच फेरीत बोट खरंच सुसाट गेली, दुसऱ्या फेरीत मध्येच थांबली आणि झाकणाच्या फटीतून धूर आला. मोटरला वीज पुरवणारा स्पीड कंट्रोलर जळला होता. साडेसहा हजार रुपये. बाबांनी एकच वाक्य उच्चारलं, "पुढचा जळला तर बोट भंगारवाल्याला." आमचे बाबा कमी बोलतात आणि बोललेलं करतात.

त्या संध्याकाळी अप्पाकाका आले. अप्पाकाका म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. मकरपुरा जीआयडीसीत चौतीस वर्षं लेथवर आणि टूलरूममध्ये काढली. बडोद्यात आपल्या लोकांच्या घरी असा एखादा काका असतोच, ज्याच्या खिशात रुमालाच्या आधी व्हर्नियर असतो. कलाभवनाचं गाव आहे हे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढलं, दादासाहेब फाळकेही तिथे शिकले. त्याचं वारं अजून कुठे कुठे वाहतं.

काकांनी दोन्ही पंखे मापले आणि धाकट्याला विचारलं, "चाळीसचे पंचेचाळीस केलेस, किती वाढवलंस?"

"साडेबारा टक्के."

"मोटरला किती वाटलं असेल?"

धाकटा गप्प. काकांनी कॅल्क्युलेटर त्याच्या हातात दिला आणि १.१२५ ला स्वतःशीच पाच वेळा गुणायला लावलं. उत्तर आलं १.८०. प्रोपेलरचा आकार तोच ठेवून फक्त व्यास वाढवला आणि फेरे तेवढेच हवे असतील, तर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. पाच मिलिमीटरमध्ये ऐंशी टक्के जास्त भार! चाळीसचे बेचाळीस केले तरी अठ्ठावीस टक्के. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे सूत्र मी परीक्षेत लिहिलंय, मार्कही मिळवलेत, पण जळलेल्या कंट्रोलरचा वास नाकात असताना ते जसं कळलं तसं वर्गात कळलं नव्हतं.

प्रोपेलर निवडताना दोन आकडे बघायचे असतात. एक व्यास, दुसरा पिच. पंखा लोण्यात फिरणाऱ्या स्क्रूसारखा फिरला, तर एका फेऱ्यात किती पुढे जाईल ते पिच. आमच्या पंख्याचं पिच व्यासाच्या १.४ पट, म्हणजे ५६ मिलिमीटर. आता २९,६०० ला ५६ मिलिमीटरने गुणा, तासाचे किलोमीटर काढा. साधारण ९९ येतात. धाकट्याने हा आकडा कॉलेजात सगळ्यांना सांगून ठेवला होता. जीपीएसवर प्रत्यक्षात आले ५१. पाणी म्हणजे लोणी नव्हे, पंखा त्यात घसरतो. भार आला की मोटरचे फेरे उतरतात, आणि बोटीचा तळ पाण्याला घासतो तो वेगळाच. काकांचं म्हणणं, हे हरवलेले अठ्ठेचाळीस कुठे जातात ते आधी शोध, नवा पंखा नंतर.

म्हणून शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर पंखा घासायचा कार्यक्रम झाला. असले शर्यतीचे प्रोपेलर ओतीव येतात, त्यांच्या पात्यांची कड बोथट असते. ती घासून धारदार करावी लागते, म्हणजे पातं पाण्यात शिरताना थपकन आपटत नाही, कापत जातं. आमचा पंखा बेरिलियम मिसळलेल्या तांब्याचा. याची धूळ फुप्फुसाला फार वाईट. त्यामुळे कोरडं घासायचं नाही म्हणजे नाही. परातीत पाणी, वॉटर पेपर, तोंडाला मास्क आणि नंतर ती परात स्वयंपाकघरात परत न्यायची नाही. (आईने ती परात लगेच ओळखली. नवी घेऊन द्यावी लागली.) दुसरं पथ्य, पाण्याला मागे ढकलणारी जी बाजू आहे तिला हात लावायचा नाही, घासायचं ते दुसऱ्या अंगाने. ४०० नंबरचा कागद, मग ६००, मग १०००.

काकांचे हात आता थोडे थरथरतात. त्यांनी कागद धाकट्याच्या हातात दिला आणि स्वतः चष्मा कपाळावर सरकवून फक्त बघत बसले. मधूनच "पुरे" म्हणायचे. मग समतोल. दोन दाढीची पाती लाकडाच्या खाचेत उभी, अगदी समपातळीत, त्यांच्यावर पंख्यातून घातलेली गुळगुळीत सळई. जड पातं आपोआप खाली येतं. त्याच्या पाठीवरून थोडं घासायचं, पुन्हा ठेवायचं. पंखा कुठल्याही स्थितीत सोडला तरी तिथेच थांबला की झालं. आम्हाला यात पावणेदोन तास लागले. मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेऱ्यांत केसाएवढा असमतोलही शाफ्ट आणि बेअरिंग खातो, असं काकांनी सांगितलं, आणि ते बेअरिंगबद्दल बोलतात तेव्हा घरात कोणी मध्ये बोलत नाही.

तर रविवारचा रस्ता. भिलापूर आलं तेव्हा उजाडत होतं. ढाढर नदीवर धुकं होतं. इथे, भिलापूर-डभोईच्या टापूत, १ एप्रिल १७३१ रोजी पहिले बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे समोरासमोर उभे राहिले, मराठे मराठ्यांशीच लढले आणि दाभाडे पडले. आपण गुजरातेत कसे आलो आणि कसे राहिलो या गोष्टीतलं हे एक मोठं वळण. काका दर वेळी या पुलावर हे सांगतात. आम्ही दर वेळी ऐकतो.

मुख्य रस्ता सोडून थोडं आत एका गावाचा तलाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण उद्या तिथे गाड्यांची रांग लागली तर सरपंचांनी आम्हाला दिलेली परवानगी जाईल. कडुनिंब, पायऱ्यांचा एक छोटा घाट, पलीकडच्या काठाला जलपर्णी. शहरातला तलाव आम्ही मुद्दामच घेतला नाही. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात नाव उलटून शाळेची मुलं आणि त्यांच्या शिक्षिका गेल्या. तेव्हापासून आई पाण्याचं नाव काढलं तरी दचकते. तिची अट एकच होती, बोट बुडाली तर बुडू दे, पाण्यात कोणी उतरायचं नाही. शिवाय विश्वामित्रीच्या मगरी तुम्हाला सांगायला नकोत. पावसाळ्यात त्या गावोगावच्या तलावांत येऊन बसतात. म्हणून तो गळ. दोरीच्या टोकाला टेनिसचा चेंडू बांधायचा, बोट बंद पडली तर चेंडू तिच्या पलीकडे टाकून हळूहळू ओढायची.

घाटावर एक म्हातारे दादा दातून करत बसले होते. बोट बघून त्यांनी विचारलं, "एमां माणस क्यां बेसे?" माणूस काठावर बसतो म्हटल्यावर त्यांचा सगळा रस गेला. मगर आहे का विचारलं तर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी एक होती, जंगलखात्याने नेली. "दस वागे भेंसो आवशे." म्हणजे दहा वाजता म्हशी येतात. म्हशींच्या अंगावर बोट घालायची नाही एवढं कळण्यासाठी नियमावली लागत नाही. हाताशी पावणेतीन तास होते.

सगळ्यात आधी काठावरच एक तपासणी. बोट हातात धरून रिमोट बंद करायचा, मोटर लगेच थांबली पाहिजे. थांबली. मग पाणकोंबड्या कुठे आहेत ते बघितलं. पलीकडे जलपर्णीत दोन होत्या, म्हणून अर्धा तलाव सोडून दिला.

पहिली धाव, धार लावलेला तोच ४० चा पंखा, बाकी काहीही न बदलता. जीपीएस ५५. नुसत्या वॉटर पेपरचे चार किलोमीटर! धाकटा नाचायला लागला, काकांनी वही उघडली. त्यांचा कायदा असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलायच्या आधी लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बोट पळाली, तर कशामुळे पळाली ते कळत नाही. आणि बिघडली तर त्याहून वाईट.

आता बोट पळताना नीट बघायला शिकलो. अशा बोटीचा प्रोपेलर वेगात पूर्ण बुडालेला नसतो. साधारण अर्धा पाण्यात, अर्धा हवेत असतो, म्हणून मागे पाण्याचा तो उंच तुरा उठतो. तो किती खोल असावा हे शाफ्टला मागे धरून ठेवणाऱ्या स्ट्रटवर ठरतं. आमचा स्ट्रट कारखान्यातून खाली बसवलेला होता. पंखा गरजेपेक्षा जास्त पाणी घुसळत होता. एलन कीने दोन मिलिमीटर वर घेतला. बोट सुटताना जरा चरकली, पंखा जागीच फिरला, पण मग पाण्यावर उचलली गेली. ५७. अजून एक मिलिमीटर घेतला तर चरकणं वाढलं आणि वेग तोच. परत दोनवर.

मग तोल. बोट दोन बोटांवर तोलून धरायची, जिथे ती आडवी राहते तो तिचा मध्य. या जातीच्या बोटीत तो मागच्या फळीपासून लांबीच्या तीस टक्क्यांच्या आसपास लागतो, आमच्यात २१ सेंटिमीटर. आमच्या बोटीत तो चांगला पुढे आला होता, कारण धाकट्याने बॅटरी नाकाकडे ढकलून बसवली होती. नाक पाण्यात खुपसून ती नांगरासारखी चालली होती. बॅटरी मागे घेतली तर बेडकासारख्या उड्या मारायला लागली, आणि एका उडीत अशी उभी झाली की आता उलटी पडते. हवा तळाखाली शिरली की उलटायला किती वेळ लागतो? डोनाल्ड कॅम्पबेलची ब्लूबर्ड ४ जानेवारी १९६७ ला इंग्लंडच्या कॉनिस्टन तलावावर अशीच हवेत उचलली गेली आणि तो गेला. आमच्या बोटीत माणूस नाही हे दादांना आवडलं नव्हतं, मला त्या क्षणी फार आवडलं. बॅटरी निम्मी पुढे सरकवली. उड्या थांबल्या. ५९.

एव्हाना सव्वानऊ झाले होते. आता साठ फक्त एक किलोमीटरवर होते, आणि धाकट्याच्या खिशात ४२ चा पंखा होता. तोही त्याने काकांकडून रात्री घासून घेतला होता. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी दुसरीकडे बघितलं.

"लाव," काका म्हणाले. "पण दोनच फेऱ्या. मग आण आणि हात लाव."

पंखा बसवताना काकांनी एक चूक पकडली. मोटरपासून पंख्यापर्यंत सरळ दांडा नसतो, पिळलेल्या तारेची लवचिक केबल असते. धाकट्याने पंख्यामागचा खिळा स्ट्रटला अगदी चिकटवून घट्ट केला होता. काका म्हणाले, दोरीला पीळ दिला की ती आखूड होते, ही केबलही भार आला की आखूड होते. मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट नसेल तर पंखा स्ट्रटवर आवळला जाणार, केबल आवळणार, मोटर रडणार आणि कंट्रोलर मरणार. मागच्या वेळी ४५ च्या पंख्याबरोबर हेही झालं असेल का? झालं असेल. धाकट्याने वहीत पुढचं न लिहिता मागच्या पानावर जाऊन प्रश्नचिन्ह काढलं.

४२ ने ६१ दिले. तलावावर आम्ही तिघंच ओरडलो, दादांनी मान हलवली. दोन फेऱ्यांनी बोट काठावर घेतली, झाकण उघडलं. मोटरवर बोट ठेवलं, दोन सेकंदांत उचललं. कंट्रोलर त्याहून गरम. करोनाच्या काळातलं कपाळाचं तापमान बघायचं यंत्र मी आणलं होतं, त्याने आकडाच दिला नाही, नुसतं 'हाय' दाखवलं. थंड करायला नळीतून तलावाचं पाणी खेळत होतं तरी ही गत. दोन किलोमीटर वेगासाठी अठ्ठावीस टक्के जास्त भार कुठे गेला होता, ते बोटाच्या टोकाला कळत होतं.

धाकटा म्हणाला, "काका, दिवाळीत पुण्याहून सगळे आले तेव्हा मी साठ सांगितलेत."

काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी एलन की त्याच्यापुढे धरली. त्याने बराच वेळ घेतला. मग ४२ काढला आणि ४० लावला. मला वाटतं त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम ते होतं, आणि ते त्याचं त्याने केलं.

शेवटची फेरी मात्र चुकली. दहाला दहा कमी, म्हशींच्या घंटा ऐकू येत होत्या, आणि वळण जरा मोठं झालं. बोट जलपर्णीच्या कडेला गेली, पंख्याला मुळं गुंडाळली आणि ती थांबली. काठापासून वीस-बावीस मीटर. पहिले सहा चेंडू इकडेतिकडे. सातवा पलीकडे पडला, दोरी बोटीवर आली, ओढताना घसरली. धाकटा नकळत घाटाची एक पायरी उतरला. काकांनी मागून त्याचा शर्ट धरला आणि सोडला नाही. शेवटी दादा उठले, गळ हातात घेतला आणि पहिल्या फेकीत चेंडू बोटीच्या नाकापलीकडे टाकला. बोट आली तेव्हा पहिली म्हैस पाण्यात शिरत होती.

डभोईत आम्ही फाफडा खाल्ला आणि हिरा भागोळ बघितली. दगडातल्या त्या कोरीवकामाला आणि हिरा नावाच्या कारागिराच्या दंतकथेला स्वतंत्र लेख लागेल. काकांना मात्र स्टेशनवर जायचं होतं. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी रुंदीची रेल्वे गायकवाडांनी सुरू केली, आणि ती बैल ओढत असत. रूळ हलके होते, इंजिनाचा भार सोसणारे नव्हते. पुढे जड रूळ टाकले तेव्हा इंजिनं धावली. आता तिथे मोठी लाइन आहे, २०२१ पासून एकतानगरच्या गाड्या जातात. काका फलाटावर उभे राहून रुळांकडे बघत होते आणि धाकटा काकांकडे. इंजिन आधी आणायचं की रूळ, एवढंच त्याने विचारलं. काका हसले.

परतताना धाकट्याने वढवाण्याचा विषय काढला. डभोईच्या पुढे सयाजीरावांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला तो विस्तीर्ण जलाशय. एवढं मोकळं, सपाट पाणी! पण ते २०२१ पासून रामसर यादीत आहे आणि हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. तिथे दुर्बीण घेऊन जायचं, बोट घेऊन नाही. यावर वाद झाला नाही.

घरी आल्यावर केबल बाहेर काढून पुसली, ग्रीस लावून परत घातली. हे दर खेळानंतर करावं लागतं, नाहीतर आतल्या आत गंजते. बॅटऱ्या प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून मातीच्या कुंडीत ठेवल्या. बाबा दारात आले.

"किती?"

"एकोणसाठ."

"जळलं काही?"

"नाही."

बाबांनी वही मागितली आणि उभ्याउभ्या सगळी पानं वाचली. ६१ च्या ओळीवर थांबले, पुढची ओळ वाचली, वही परत दिली. ४२ चा पंखा सध्या आईच्या मोहरीच्या जुन्या डबीत आहे. जास्त भार सोसणाऱ्या कंट्रोलरसाठी धाकट्याने दहावीची अजून एक बॅच घेतली आहे, मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सहा ते साडेसात.